अनवट स्केल, हलता सा : जॅझ गिटारची एक सराव-वाट

गोव्यात गिटार हाती घेणाऱ्या मराठी मुलाच्या कानात बहुधा दोन शाळा आधीच बसलेल्या असतात. एक, देवळातल्या भजनाच्या पेटीवरची सरगम. दुसरी, शेजारच्या वाड्यावरून ऐकू येणारे मांडो (गोव्यातली कोंकणी गाणी) आणि लग्नातले बँड, जिथे मूळ चालीला तिसऱ्या स्वरावर दुसरा आवाज आपसूक लागतो. जॅझसाठी ही शिदोरी चांगलीच आहे. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर, तर मूळ गोमंतकीय घराण्यातल्या पण मुंबईत जन्मलेल्या अमान्सियो डिसिल्वा यांनी गिटारवर राग आणि जॅझ एकत्र आणून दाखवले, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षे झाली.

तरी सरगमवाल्याची एक अडचण हमखास होते: त्याचा सा हलत नाही. तंबोरा एकदा लागला की मैफल उठेपर्यंत सा तिथेच. जॅझमध्ये मात्र चार मात्रांनी कॉर्ड बदलते आणि तिच्यासोबत सा सरकतो. ‘ऑल्टर्ड स्केल डोक्यावरून जाते’ असे म्हणणाऱ्यांचे बहुतेक वेळा स्केलशी भांडण नसतेच, सा हलवण्याशी असते. म्हणून खाली मोजकीच स्केल घेतली आहेत. प्रत्येक स्केल आधी कॉर्डमधून हाताला, मग सरगमीतून कानाला.

कॉर्ड सहा जागांत लिहिल्या आहेत. डावीकडची पहिली जागा जाड सहाव्या तारेची, आकडा फ्रेटचा, आडवी रेघ म्हणजे ती तार वाजवायची नाही. रागांची नावे इथे फक्त स्वरांची खूण म्हणून येतील. चलन, पकड, समय यांपैकी काही इथे पाळलेले नाही, त्यामुळे गुरुजींसमोर ‘पटदीप वाजवतोय’ असे म्हणू नये.

आधी सांगाडा

सी मेजरमधली सगळ्यात नेहमीची चाल घ्या: डी मायनर ७, जी ७, सी मेजर ७. प्रत्येक कॉर्डचे तीनच स्वर धरा.

डी मायनर ७: – ५ ३ ५ – –
जी ७: ३ – ३ ४ – –
सी मेजर ७: – ३ २ ४ – –

मेट्रोनोम ६० वर लावा. पहिल्या दोन कॉर्डना चार-चार मात्रा, सीला आठ. आता मूळ स्वर सोडून फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे पाहा. डी मायनरवर तिथे एफ आणि सी आहेत, जीवर एफ आणि बी, सीवर ई आणि बी. सीला सा मानून हे गा: ‘म सां, म नि, ग नि’. आधी वरचा सा निषादावर उतरला, मग मध्यम गंधारावर. सगळी चाल या दोन अर्ध्या-अर्ध्या पायऱ्यांत आहे. हे तोंडाने गाता येत नाही तोवर पुढे जाऊ नका. आठवडाभर रोज दहा मिनिटे पुरतात.

मग जी ७ च्या जागी डी फ्लॅट ७ ठेवा (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली, शार्प म्हणजे अर्धा स्वर वर): – ४ ३ ४ – –. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे फ्रेट जराही बदललेले नाहीत! एफ आणि बी दोन्ही कॉर्डचे सामाईक स्वर आहेत, फक्त खालचा मूळ स्वर सहा अर्धस्वर दूर गेला. यालाच ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. जी ७ वर डी फ्लॅट, ए फ्लॅट असे ‘चुकीचे’ स्वर का चालतात, याचे उत्तर या दोन फ्रेटमध्ये आहे: कानाला ते जुळ्या कॉर्डचे वाटतात.

एकच स्केल, नीट

मेलडिक मायनर म्हणजे सा रे, कोमल ग, म प ध, शुद्ध नि. जॅझमध्ये हे स्केल चढताना-उतरताना सारखेच राहते. भीमपलासीतला निषाद शुद्ध केला की जे स्वर उरतात तेच हे, म्हणजे पटदीपाचे. अनवट स्केलांतले निम्मे काम या एका संचावर भागते. दहा स्केल अर्धवट येण्यापेक्षा सहा आठवडे याच्यावरच घालवावेत.

नियम असा: जी ७ पुढे सीवर उतरणार असेल, तर जीच्या अर्धा स्वर वर, ए फ्लॅटवर सा धरा आणि पटदीपाचे स्वर वाजवा. ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी. जीपासून मोजले तर हेच ऑल्टर्ड स्केल. त्यात जी ७ चे मूळ, गंधार आणि कोमल निषाद आहेत, आणि बाकीचे चारही स्वर ताणाचे: फ्लॅट ९, शार्प ९, फ्लॅट ५, फ्लॅट १३. (आकडे कॉर्डच्या मुळापासून मोजलेले: ९, ११, १३ म्हणजे वरच्या सप्तकातले रिषभ, मध्यम, धैवत.)

हाताची जागा तिसऱ्या फ्रेटवर. सहाव्या तारेवर ३ ४ ६, पाचवीवर २ ४ ६, चौथीवर ३ ५ ६, तिसरीवर ३ ४ ६, दुसरीवर ४ ६, पहिलीवर ३ ४ ६. पाचव्या तारेवर तर्जनी एक फ्रेट मागे जाते, पंजा मात्र हलवायचा नाही.

पटदीपाच्या आरोहात रे आणि ध वगळतात, आणि नेमके तेच इथे कामाला येते. सा, कोमल ग, म, प, नि म्हणजे ए फ्लॅट, बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, जी. सातही स्वर ओळीने धावले की स्केलचा सराव ऐकू येतो. दोन गाळले की वाक्य तयार होते. पुढची ओळ आठव्या भागांच्या स्वरांत, म्हणजे मात्रेला दोन स्वर अशी आहे. प्रत्येक स्वरापुढे आधी तार, मग फ्रेट.

डी मायनर ७ वर: डी ५/५, एफ ४/३, ए ४/७, सी ३/५, ई २/५, सी ३/५, बी ३/४, ए ४/७.
जी ७ वर: ए फ्लॅट ४/६, बी ३/४, डी फ्लॅट ३/६, ई फ्लॅट २/४, जी १/३, बी फ्लॅट १/६, ए फ्लॅट १/४, एफ २/६.
सी मेजर ७ वर: ई २/५, आणि थांबा.

दोन सांधे निरखून पाहा. डी मायनरचा शेवटचा ए एकच फ्रेट खाली सरकून ए फ्लॅट होतो, म्हणजे सा तिथे हलला. आणि शेवटचा एफ एक फ्रेट उतरून ई होतो, सांगाड्यात गायलेला तोच ‘म ग’. मधले सहा स्वर उद्या विसरलात तरी चालेल, हे दोन सांधे चुकले तर ओळ मोडते. मेट्रोनोम ६० वरून दर दोन दिवसांनी चारने वाढवा. अंगठा आखडू लागला की तिथेच थांबा.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे ऑल्टर्ड स्केल जीपासून सुरू करून जीपर्यंत नेणे. मग ताणाचे निम्मे स्वर मात्रेच्या मधल्या जागांवर जातात, सी वर पोचताना कुठलाच स्वर नीट उतरत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते की वादक चुकला. उतरण्याच्या वाटा पाठच करा: ए फ्लॅट जीवर, डी फ्लॅट सीवर, बी फ्लॅट एवर, ई फ्लॅट खाली डीवर किंवा वर ईवर.

तंबोऱ्याचे ॲप लावून स्केल घोळवायचे असेल तर पंचमाची तार बंद करा. ऑल्टर्ड स्केलमध्ये जीचा शुद्ध पंचम, डी, नाहीच. ‘प सा’ घुमत असताना डी फ्लॅट आणि ई फ्लॅट लावले की कान नुसता किटतो आणि स्केल वाईट आहे असा ग्रह होतो. आधी फक्त जीचा षड्ज लावून पाच मिनिटे, मग तंबोरा सीवर नेऊन तेच स्वर पाच मिनिटे. दुसऱ्या खेपेला ‘आता घरी जायचे आहे’ ही ओढ स्पष्ट जाणवते.

त्याच स्वरांच्या कॉर्ड

३ – ३ ४ ४ ४ ही जी ७, फ्लॅट ९, फ्लॅट १३. बेस वाजवणारा सोबत असेल तर सहावी तार सोडून द्या. – – ३ ४ ४ ६ घेतली तर वर शार्प ९ येतो. या कॉर्ड पहिल्या-दुसऱ्या फ्रेटजवळ जाड तारांवर घेऊ नका. अर्ध्या स्वराचा घासरा खालच्या पट्टीत गढूळ होतो, वरच्या पट्टीत चमकतो. नेक पिकअप, टोन अर्ध्यावर, डिस्टॉर्शन पूर्ण बंद.

याहून सोपी आणि मंचावर हमखास लागू पडणारी युक्ती साध्या ट्रायडची, म्हणजे तीन स्वरांच्या कॉर्डची. ऑल्टर्ड स्केलच्या पोटात दोन मेजर ट्रायड शेजारी बसले आहेत, ई फ्लॅट आणि डी फ्लॅट. वरच्या तीन तारांवर:

ई फ्लॅट: – – – ८ ८ ६
डी फ्लॅट: – – – ६ ६ ४
सी: – – – ५ ५ ३

बोटांचा एकच आकार, दोन फ्रेट खाली, मग एक फ्रेट खाली. पहिल्या दोन कॉर्ड जी ७ च्या दोन-दोन मात्रांवर, तिसरी सी वर. खाली बेसने जी धरला की अगदी साधे मेजर ट्रायडही ताणाचे होतात. तेच नऊ स्वर सुटे वाजवले की सोलोची ओळ मिळते.

मांडोतला दुसरा आवाज कानात असेल तर जोडस्वरही वाजवा. दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर ए फ्लॅट मेलडिक मायनरच्या तिसऱ्यांच्या जोड्या अशा: ४-३, ६-४, ८-६, ९-७, ११-९, १२-११, १४-१३. मेजर आणि मायनर तिसऱ्या कुठे बदलतात ते गाऊन ओळखा.

सीवर उतरत नसेल तर

प्रत्येक ७ कॉर्ड पाच स्वर खाली उतरतेच असे नाही. सीच्या गाण्यात डी ७ येऊन पुढे डी मायनर ७ आली, किंवा जी ७ च्या जागी जुळी डी फ्लॅट ७ आली, तर ताणाचे स्वर ओतायचे नसतात. तिथे पटदीपाचा सा कॉर्डच्या पंचमावर धरा: डी ७ वर ए, डी फ्लॅट ७ वर ए फ्लॅट. कॉर्डच्या मुळापासून हे सा रे ग, तीव्र म, प ध, कोमल नि, म्हणजे लिडियन डॉमिनंट. कर्नाटक संगीतातला वाचस्पती मेळ हाच. कॉर्ड: – ५ ४ ५ ५ ४, डी ९ शार्प ११. तर्जनी चौथ्या फ्रेटवर चौथ्या तारेपासून आडवी, मधले बोट पाचव्या तारेवर.

एवढ्यात लक्षात आले असेल की डी फ्लॅट ७ चे लिडियन डॉमिनंट आणि जी ७ चे ऑल्टर्ड यांचे स्वर एकच आहेत. नवे काहीच पाठ करायचे नाही.

जी मधल्या बारा मापांच्या (एक माप म्हणजे चार मात्रा) ब्लूजमध्ये सुरुवातीच्या जी ७ वर ऑल्टर्ड वाजवू नका, ते घर आहे. फक्त चौथ्या मापात, सी ७ येण्याच्या आधी वाजवा. एका मापाची ही चव बारा मापांना पुरते.

तीन-तीन फ्रेटचे कोडे

गाण्याच्या चालीत जी ७ वर ई, म्हणजे १३, गायला जात असेल तर ऑल्टर्डचा ई फ्लॅट गायिकेच्या स्वराला थेट घासतो. किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटांत गिटार आणि गायिका अशी दोघांचीच जोडी असते तेव्हा ही चूक झाकायला कोणी नसते. तिथे अर्धा-पूर्ण डिमिनिश्ड स्केल घ्या: जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, डी फ्लॅट, डी, ई, एफ. आठ स्वर, आणि तीन अर्धस्वरांनंतर तीच रचना पुन्हा. त्यामुळे बाराही मुळांसाठी अशी वेगळी स्केल तीनच. गिटारवर याचा अर्थ सरळ आहे: या स्केलचा कोणताही आकार तीन फ्रेट सरकवा, तो स्केलमध्येच राहतो.

कॉर्ड ३ – ३ ४ ५ ४, जी १३ फ्लॅट ९. वरच्या चार तारा घेऊन – – ३ ४ ५ ४, – – ६ ७ ८ ७, – – ९ १० ११ १०. सगळ्या जी ७ वर चालतात. ट्रायडही तसेच: ३ ३ १, ६ ६ ४, ९ ९ ७, १२ १२ १०, म्हणजे बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई, जी. यांतला ई मेजर सोन्यासारखा. – – – ९ ९ ७ वरून सीच्या – – – ९ ८ ८ वर या. ई जागचा हलत नाही, ए फ्लॅट जीवर उतरतो, बी सीवर चढतो.

धोका एकच: आकार सरकवायला इतका सोपा आहे की हात थांबत नाही. सरकवणे दोन वेळा, फार तर तीन. चौथ्या वेळी जुन्या भुताटकीच्या सिनेमाचे पार्श्वसंगीत सुरू होते.

रागांकडून उसने

चारुकेशी, म्हणजे शुद्ध ग, कोमल ध, कोमल नि, मायनरवर उतरणाऱ्या ७ कॉर्डसाठी. सी मायनरआधीच्या जी ७ वर जीला सा धरा. कॉर्ड ३ – ३ ४ ४ ५. ऑल्टर्डपेक्षा मवाळ आणि आपल्या कानाला लगेच पटणारे. मुळात हाही सी मेलडिक मायनरचाच पाचवा अवतार.

अहिर भैरवाचे स्वर जी १३ फ्लॅट ९ ला तंतोतंत बसतात: जी, ए फ्लॅट, बी, सी, डी, ई, एफ. पण इथे राग आणि कॉर्ड यांची दिशा उलटी आहे. अहिर भैरवात मध्यम वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर. सवयीचा हात तिथेच विसावतो. जी ७ वर तो मध्यम म्हणजे सी. तो कॉर्डमधल्या बीला अर्ध्या स्वरावरून घासतो आणि घरी पोचण्याआधीच घर उघडे पाडतो. मध्यमावरून जा, थांबा मात्र कोमल रिषभावर किंवा धैवतावर.

हिंडोल सी मेजर ७ शार्प ११ साठी: सी, ई, एफ शार्प, ए, बी. कॉर्ड – ३ ४ ४ ५ –. पंचम आणि रिषभ नसल्यामुळे ओळीत आपोआप उड्या येतात. एफ शार्पवरून जीवर सरकायचा मोह आवरा. ईवर उतरा नाहीतर एवर झेपा. शेवटच्या सी वर हा संच फारच देखणा वाटतो.

मधुवंती, कोमल ग आणि तीव्र म, मायनर मेजर ७ वर: ए मायनरची ती कॉर्ड ५ – ६ ५ ५ –. साध्या मायनर ७ वर मात्र नको, तिथला कोमल निषाद हिच्या शुद्ध निषादाशी भांडतो. जोगचे दोन गंधार जी ७ शार्प ९ वर, – १० ९ १० ११ –. ‘ग म, कोमल ग, सा’ म्हणजे बी सी बी फ्लॅट जी, आणि ब्लूज समोर उभा.

होल-टोन स्केल एका जागेपुरतेच: कॉर्ड ३ – ३ ४ ४ – आणि तिच्यावर जी, ए, बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. दोन मापांपुढे त्यात ओढ उरत नाही, कारण अर्धा स्वर कुठेच नाही. ऑगमेंटेड स्केल, सी, ई फ्लॅट, ई, जी, ए फ्लॅट, बी, हे वर्षभरानंतर पाहिले तरी चालेल.

एक वेगळी गोष्ट गळ्यावरून आलेल्यांसाठी. फ्रेटवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो. तार ओढून तो उतरवता येत नाही, ओढली की आणखी चढतो. सोलोत एक फ्रेट खालून ओढून तिथवर आणता येतो. कॉर्डमध्ये तसाच राहू द्या, पियानोही तसाच असतो. फ्लॅट ९ किंवा शार्प ११ बेसूर वाटत असेल तर कानाआधी वाद्य तपासा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची दमट हवा अकूस्टिकचे लाकूड फुगवते, तारा वर उचलल्या जातात, आणि दाबल्यावर स्वर चढतो. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळवून पाहा. केसमध्ये सिलिका जेलची पाकिटे, वाजवून झाल्यावर तारांवर सुके फडके. खारा वारा आणि घाम मिळून तारेला गंज चढवतात आणि गंजलेली तार फ्रेटवर कधी खरी बोलत नाही.

दुसऱ्यांसोबत

कीबोर्डवाला जी ७ वर १३ धरत असेल आणि तुम्ही फ्लॅट १३, तर दोघेही बरोबर असून ऐकायला दोघेही चूक. सरावातच ठरवा: या मापात ऑल्टर्ड की १३ फ्लॅट ९. ठरवायला वेळ नसेल तर कॉर्ड त्याला वाजवू द्या आणि पहिल्या फेरीत फक्त त्याचा वरचा स्वर ऐका. दोघांत एकानेच कॉर्ड भरावी. दुसऱ्याने गप्प बसणे हेही वाजवणेच आहे.

आठवड्यातून एकदा मोबाईलवर दोन फेऱ्या ध्वनिमुद्रित करा. बॅकिंग नाही, मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि फक्त एकेरी ओळ. दुसऱ्या दिवशी ऐकताना कॉर्ड कुठे बदलल्या ते ओळीवरून कळले पाहिजे. कळत नसेल तर स्केल बदलू नका. प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर कोणता स्वर पडला एवढेच कागदावर लिहा: तिथे गंधार किंवा निषाद नसेल, किंवा त्याच्या आधीचा स्वर अर्ध्या पायरीने येत नसेल, तर तेवढे दोन स्वर दुरुस्त करून ओळ पुन्हा ६० वर वाजवा.